बोटांनी वाचावयाचे फलक

नाशिकजवळच्या त्रिरश्मी डोंगरावरील पांडवलेण्यांत सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे दानलेख दगडात कोरलेले आहेत. तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा, तर दहाव्या लेण्यात उषवदाताचा लेख आहे. अक्षरे दगडात कोरलेली असली तरी संरक्षित स्मारकावर हात फिरविणे योग्य नव्हे. शिवाय ब्राह्मी लिपी जाणणारे थोडेच. डोळस माणसाला निदान कोरीव काम दिसते, माहितीफलक वाचता येतो. दृष्टिहीन माणूस मात्र सोबत्याच्या शब्दांवर अवलंबून राहतो. सोबती जेवढे सांगेल, तेवढेच त्याच्या वाट्याचे लेणे.

ही उणीव भरून काढण्याचे साधन म्हणजे स्पर्शाने वाचता येणारा फलक आणि हाताळता येईल अशी प्रतिकृती. ज्या लिपीवर हे सारे आधारलेले आहे, तिचा जनक लुई ब्रेल याचा जन्म ४ जानेवारी १८०९ रोजी फ्रान्समधील कूव्रे या गावी झाला. वडिलांच्या चामड्याच्या कारखान्यात अणकुचीदार हत्याराने डोळ्यास इजा होऊन बालपणीच त्याची दृष्टी गेली. पुढे तो पॅरिसच्या चर्चमध्ये ऑर्गनवादक झाला. १८२९ साली त्याने आपली पद्धत प्रसिद्ध केली, तेव्हा तिच्या शीर्षकातच शब्द व संगीत यांच्या जोडीला चर्चमधील पारंपरिक उपासनागायनाचाही उल्लेख होता.

भारतीय भाषांसाठी भारती ब्रेल ही समान पद्धती १९५१ मध्ये स्वीकारण्यात आली. मराठीही तीतच लिहिली जाते. तिचा एक विशेष फलक करणाऱ्याने ध्यानी ठेवावा. आपण कागदावर ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी काढतो. ब्रेलमध्ये ती उच्चाराप्रमाणे व्यंजनानंतर येते. ‘नाशिक’ हा शब्द न, आ, श, इ, क अशा पाच घरांत बसतो. डोळ्यांना दिसणाऱ्या आकारांच्या क्रमाने ठिपके मांडणारा कारागीर नेमका येथेच चुकतो.

मापांतही फारशी सवलत नाही. फलकावरील ठिपका घुमटासारखा गोल आणि साधारण ०.६ ते ०.९ मिलिमीटर उंच असावा. एकाच घरातील शेजारच्या ठिपक्यांत सुमारे अडीच मिलिमीटर अंतर असावे. याचा अर्थ ‘नाशिक’ हे नाव जेमतेम साडेतीन सेंटिमीटरांत मावते. फलक मोठा आहे म्हणून ठिपके मोठे करू नयेत. बोटाच्या टोकाखाली एक घर एकदम आले पाहिजे. काही ठिकाणी ठिपके चक्क शाईने छापलेले किंवा काचेआड ठेवलेले आढळतात. असा फलक कोणासाठी लावला, हे लावणाऱ्यासच ठाऊक!

जागेचा प्रश्न तर त्याहून महत्त्वाचा आहे. फलक कोठे आहे हेच न कळले, तर त्यावरील मजकूर व्यर्थ. खोलीचे नाव दाराच्या कडीकडील बाजूस, जमिनीपासून सुमारे १२० ते १५० सेंटिमीटर उंचीवर, सर्वत्र एकाच पद्धतीने असावे. दीर्घ मजकूर उभ्या भिंतीवर वाचताना मनगट अवघडते. त्यासाठी कमरेच्या उंचीवर तिरका फलक बरा. जिन्याच्या कठड्यावर मजल्याचा क्रमांक असला की हात आपोआप तेथे पोहोचतो. आपल्याकडील वैशाखातले ऊन लक्षात घेता उघड्यावर लावलेला धातूचा पत्रा बोट ठेवता येणार नाही इतका तापतो. म्हणून सावलीची जागा निवडावी. नाशिकरोडच्या बाळ येशू मंदिरासारख्या, यात्रेला गर्दी लोटणाऱ्या स्थळी फलकासमोर क्षणभर थांबता येईल अशी मोकळी जागाही हवी, अन्यथा वाचक धक्क्याने पुढे ढकलला जाईल.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. दृष्टिबाधित असलेल्या सर्वांनाच ब्रेल येते असे नाही. उतारवयात दृष्टी गमावलेल्या अनेकांनी ती लिपी कधी शिकलेलीच नसते, आणि कित्येकांना अंधुक दिसत असते. म्हणून ब्रेलच्या जोडीला मोठी, उठावदार, पार्श्वभूमीहून स्पष्ट वेगळ्या रंगाची अक्षरे आवश्यक आहेत. देवनागरीत शिरोरेषेमुळे बोट एका अक्षरावरून दुसऱ्यावर घसरते. तेव्हा अक्षरांमध्ये पुरेसे अंतर सोडावे. स्पर्शनकाशात वाट, पायऱ्या, प्रवेशद्वार आणि ‘आपण येथे आहात’ एवढेच दाखवावे. नक्षीकामाचा मोह टाळलेला बरा. नकाशाची वरची बाजू वाचकाच्या समोरील दिशेशी जुळलेली असावी.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ याने सार्वजनिक स्थळे सुगम करणे बंधनकारक केले आहे. पण फलक वाचता येतो की नाही, हे कायदा तपासून देत नाही. ते काम वाचकाचे. पाटी व टोच्याने ब्रेल लिहिताना कागदाच्या मागील बाजूने, उजवीकडून डावीकडे लिहावे लागते. ही बाजू कारागिराच्या ध्यानी आली नाही, तर संपूर्ण फलक आरशातल्यासारखा उलटा ओतला जातो. म्हणून धातूत ओतण्यापूर्वी मजकुराची कागदी उठाव-प्रत काढून ब्रेल जाणणाऱ्या किमान दोघांकडून वाचून घ्यावी, आणि फलक बसविल्यावर त्यांनाच पुन्हा बोलावून प्रवेशद्वारापासून एकट्याने तो शोधावयास सांगावे. नाशिककरांना त्यासाठी दूर जावे लागत नाही. नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड या संस्थेची महाराष्ट्र शाखा सातपूर येथेच आहे.