टँकमधली खडी बदलताय? जरा दमानं!

वर्षभर नीट चाललेला फिश टँक आहे. तळाची निळी-गुलाबी खडी आता बालिश वाटायला लागलीय, काळी हवीय. रविवारी सगळं उपसून, घासूनपुसून नवं भरायचं, असा बेत असेल तर थांबा राव.

त्या खडीवर जिवाणूंची अख्खी वसाहत आहे. माशांची विष्ठा आणि उरलेलं खाद्य यातून निघणाऱ्या विषारी अमोनियाचं ते आधी नायट्राइट, मग बरंच कमी घातक नायट्रेट करतात. ही वसाहत बसायला महिना-दीड महिना लागतो आणि तुम्ही ती एका दुपारी मोरीत ओतणार! टँक चकाचक दिसतो खरा, पण दोन-तीन दिवसांत मासे वर येऊन धापा टाकायला लागतात.

म्हणून एका वेळी एक तृतीयांशच खडी बदला, मध्ये दोन-तीन आठवडे जाऊ द्या. तेवढे दिवस फिल्टरच्या स्पंजला हात लावू नका, खाद्यही बेतानं टाका. दह्याला विरजण लावतो तशी मूठभर जुनी खडी स्वच्छ मोज्यात बांधून टँकमध्येच ठेवा. ती नळाखाली मात्र धुऊ नका. पाणी काळम्मावाडीचं असो की पंचगंगेचं, नळाला येतं ते क्लोरीन घेऊनच, आणि क्लोरीन जिवाणू मारतं.

नवी खडी आपल्या काळ्या बेसाल्टची उत्तम, ती पाण्यात विरघळत नाही. पांढऱ्या संगमरवरी चिपा दिसतात भारी, पण पाणी जड करतात. खात्री करायचीय? खडीवर व्हिनेगर टाका. फेस आला, तर ती कुंडीत घाला.