कांदा आटतो, हिशेब आटू देऊ नका



व्हिडिओत आपण स्लो कुकरमध्ये फ्रेंच ओनियन सूप करून पाहिलं. इथे कृती परत देतोय, पण खरा विषय आहे त्याचा भाव. कारण हा असा पदार्थ आहे, ज्यात माणूस हमखास चुकीचा हिशेब करतो. कांदा तर स्वस्त, मग सूपही स्वस्त, असं वाटतं. आणि तिथेच धंदा बसतो.

आधी एक शंका मिटवू. "सर, परळ-लालबागमध्ये हे कोण घेणार?" लोअर परळला कमला मिल, फिनिक्स मिलच्या जागेत आज काय आहे? ऑफिसं, मॉल, हॉटेलं. तिथे दुपारी हलकं, गरम काहीतरी शोधणारं गिऱ्हाईक तुमच्यापासून दहा-पंधरा मिनिटांवर आहे. आणि हे सूप काही राजेशाही नाही. पॅरिसच्या ले आल या घाऊक बाजारात पहाटे हमाल लोक ते प्यायचे. तो बाजार १९६९ मध्ये शहराबाहेर हलला, सूप मात्र राहिलं. म्हणजे आपल्या गिरणगावच्या खानावळीसारखंच हे कष्टकऱ्यांचं जेवण.

कृती : ८ वाट्या

२ किलो कांदा सोलून पातळ उभा चिरा. उन्हाळ कांदा मिळाला तर उत्तम, त्यात पाणी कमी असतं. चार-पाच लिटरच्या स्लो कुकरमध्ये कांदा, ६० ग्रॅम लोणी, दोन चमचे तेल, एक चमचा मीठ. रात्री दहाला 'लो'वर लावा, झाकण बंद. सकाळी आठला कांदा मऊ झालेला असेल, पण पाण्यात पोहत असेल. घाबरू नका. बंद झाकणातून वाफ बाहेर जात नाही, म्हणून रंग हळू येतो. आता झाकण थोडं तिरकं ठेवून 'हाय'वर दोन तास. पाणी आटलं की कांदा मधासारखा तपकिरी होईल. रंग कमी वाटला तर शेवटची दहा मिनिटं कढईत परता.

मग भाज्यांचं गरम पाणी (गाजर, कोबीचा देठ, मशरूमचे देठ, तमालपत्र, काळी मिरी उकळून गाळलेलं) पावणेदोन लिटर, एक चमचा सोया सॉस, एक चमचा व्हिनेगर. मूळ कृतीत गोमांसाचा रस्सा आणि वाइन असते. आपल्याला दोन्ही नको. वर टोस्टऐवजी इराणी बेकरीतला ब्रून पाव. त्याचे काप भाजून त्यावर चीज वितळवा आणि वेगळ्या डबीत द्या. सूपमध्ये घालून पाठवलात तर पोचेपर्यंत लगदा होईल.

सूप उरलं तर कुकर बंद करून त्यातच ठेवू नका. पसरट भांड्यात लवकर गार करून फ्रिजमध्ये. आणि एफएसएसएआयची नोंदणी झाल्याशिवाय एकही वाटी विकायची नाही.

आता हिशेब

चिरलेला कांदा साधारण पाव ते तिसरा हिस्सा उरतो. दोन किलो आणलात, हातात अर्धा किलोच्या आसपास. म्हणून भाव पिशवीतल्या कांद्यावर नाही, पातेल्यात उरलेल्यावर लावायचा.

खालचे दर मी धरलेले आहेत, तुम्ही तुमच्या बाजारातले घाला :

- कांदा २ किलो : ८० रुपये
- लोणी-तेल : ६०
- भाज्यांचं पाणी, मसाला : ६०
- ब्रून : ३०
- चीज २०० ग्रॅम : १००
- डबे : ९६
- वीज आणि गॅस : ३०

झाले ४५६. म्हणजे वाटीमागे ५७ रुपये. कांदा फक्त १० रुपयांचा आहे, हे लक्षात घ्या! पण आपलं मन कांद्यालाच धरून बसतं आणि आपण म्हणतो, "साठ रुपये लावू, चालेल."

चालेल का? रोज ८ वाट्या, महिन्यात २५ दिवस, म्हणजे २०० वाट्या. वाटीमागे ३ रुपये, महिन्याचे ६०० रुपये. चिरणं, भरणं, भांडी घासणं मिळून रोजचे दोन तास धरा, महिन्याचे ५० तास. तुमची मजुरी पडली तासाला १२ रुपये. स्लो कुकर रात्रभर एकटा राबतो हे खरं, पण चिरायला तो येत नाही.

आता तासाला १०० रुपये स्वतःला द्या. रोजचे २०० वाढले, खर्च ६५६, वाटीमागे ८२. भाव १३० ठेवलात तर ४८ रुपये उरतात. महिन्याचे ९,६०० नफा आणि ५,००० तुमची मजुरी. अ‍ॅपवर विकत असाल तर कमिशन त्यातूनच जाणार.

आणि कांदा महागला तर? डिसेंबर २०१९ मध्ये तो शहरांत शंभरी पार गेला होता. ४० चा १०० झाला की वाटीमागे १५ रुपये वाढतात. १३० वाला ३३ रुपये कमावत राहतो. ६० वाला दर वाटीला खिशातले १२ रुपये घालतो, आणि त्याला ते महिनाअखेरीस कळतं.

खानावळवाल्यांकडून शिका

गिरणगावातल्या खानावळवाल्या बायका पहाटेपासून राबायच्या. कामगार पैसे द्यायचा पगार झाल्यावर, किराणा मात्र रोज लागायचा. मग उधारी, मग सावकार. जेवण चांगलं होतं, गिऱ्हाईक होतं, तरी हातात काही राहत नव्हतं. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं आणि या बायकांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. त्यांच्या कष्टाला पहिल्यांदा धंदा म्हणून कुणीतरी मोजलं. तुम्हाला ते मोजायला दुसऱ्याची वाट पाहायची गरज नाही. आणि उधारी? ऑफिसातल्या ओळखीच्यालाही नाही.

तुमचा गृहपाठ

या रविवारी एकदाच करा. कांदा आणताना वजन, चिरल्यावर वजन, आटल्यावर वजन. तिन्ही आकडे वहीत. घड्याळ लावून हाताचे तास लिहा. मग भाव काढा. सूप नको असेल तर तोच आटलेला कांदा भाजलेल्या खोबऱ्याबरोबर वाटून मालवणी वाटण म्हणून विका. हिशेबाची रीत तीच.

तुमची वाटी कितीला पडली, आकडा मला कळवा. चव नंतर बघू, आधी आकडा!