मागे सरकण्याआधी मागे बघा

इटलीतल्या व्हेरोना शहरात, पलाझ्झो माफ्फेई संग्रहालयात, चकाकत्या स्फटिकांनी मढवलेली एक खुर्ची आहे. शिल्पकार निकोला बोल्ला यांची ही कलाकृती फक्त बघण्यासाठी. २०२५ मध्ये एक पर्यटक फोटोसाठी तिच्यावर टेकला आणि ती मोडली. त्याच वर्षी फ्लॉरेन्सच्या उफिझी कलादालनात पोज देता देता मागे सरकलेल्या पर्यटकाचा तोल गेला. त्यात मेदिची घराण्यातल्या राजपुत्राचं जुनं चित्र फाटलं.

फोटोंचे नियमही जागोजागी वेगळे. माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात फोटोंना बंदीच आहे. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात कायमच्या संग्रहाचे फोटो चालतात. फ्लॅश आणि सेल्फी स्टिक नाही. अजिंठ्याच्या चित्रांसमोरही फ्लॅश वर्ज्य.

तेव्हा दारावरची पाटी वाचा, फ्लॅश आधीच बंद करा आणि मागे पाऊल टाकण्याआधी मान वळवून बघा.