खुडूक कोंबडीचा वंशविचार

रत्नागिरी जिल्ह्यातल्या वाडीवाडीतून मागीलदारी उकिरडा उकरीत हिंडणारी गावठी कोंबडी वर्षाकाठी 60-70 अंडी देते आणि विलायती लेगहॉर्न 300 च्या आसपास देते, एवढ्या एका आकड्यावर गावठीचा निकाल लावणे सोपे आहे. परंतु मधल्या तफावतीचा तपशील पाहू गेल्यास गुन्हेगार म्हणून जी उभी राहते ती कोंबडीची आळशी वृत्ती नव्हे, तिचे आईपण होय. दहाबारा अंडी घातली की ती खुडूक होते, डालीखाली अंग फुगवून बसते, 21 दिवस उबवते, पुढे कित्येक आठवडे पिल्लांना घारीमुंगसापासून राखीत हिंडवते, आणि या साऱ्या मुदतीत एकही अंडे घालीत नाही.

थंड पाण्यात बुचकळून काढण्यापासून नाकपुडीत पीस खोवण्यापर्यंत ज्या खोडीवर नाना उपाय योजले गेले, तिचे शरीरांतर्गत कारण अमेरिकेत ऑस्कर रिडल व त्यांचे सहकारी यांनी 1930 नंतरच्या दशकात उजेडात आणले. मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीतून प्रोलॅक्टिन नामक संप्रेरक वाढू लागले, की अंडाशय आक्रसते आणि पक्षी उबवू लागतो. या संप्रेरकाचे जनुक कोंबडीच्या दुसऱ्या गुणसूत्रावर आहे. ते किती जोराने चालावे हे ठरविणाऱ्या भागात काही कोंबड्यांमध्ये डीएनएच्या 24 अक्षरांचा एक तुकडा अधिक असतो. लेगहॉर्नमध्ये तो सर्रास, खुडूक होणाऱ्या जातींत क्वचित. रक्ताच्या एका थेंबावरून ही खूण पिलू लहान असतानाच वाचता येते, आणि तलंग अंड्यावर येईपर्यंत थांबावे लागत नाही, हा तिचा मोठा लाभ. मात्र खूण म्हणजे कारण नव्हे: काही जातींत या तुकड्याचा अंड्यांच्या संख्येशी मेळ बसला, काहींत रुजवात पटली नाही.

वाढीच्या खुणांची कथा अधिक गुंतागुंतीची. 2004 साली तांबड्या रानकोंबडीच्या सुमारे 100 कोटी अक्षरांचे वाचन प्रसिद्ध झाल्यावर अशा खुणांचा शोध सुकर झाला. पहिल्या गुणसूत्रावरील आयजीएफ-1 या जनुकाचे काही भेद अनेक कळपांत वजनाशी निगडित आढळले आहेत. परंतु वजन आणि प्रजनन एका घरात सुखाने नांदत नाहीत. पाच-सहा आठवड्यांत दोन किलो भरणाऱ्या ब्रॉयलरच्या आयांना पोटभर दाणे घातले तर त्यांची अंडी घालण्याची शिस्तच बिघडते, म्हणून त्यांना मोजून उपाशी ठेवावे लागते. यावर निघालेली एक तोड विलक्षण आहे. वाढसंप्रेरकाच्या ग्राहकाचे जनुक झेड या लिंगगुणसूत्रावर असते. कोंबडीजवळ झेड एकच, तोही बापाकडून आलेला, म्हणून ठेंगणेपणाची बिघडलेली प्रत दोन्ही झेडवर बाळगणारा कोंबडा निवडला की मुली सगळ्या ठेंगण्या, अल्पाहारी निपजतात.

परदेशीय ज्ञानाची आयात म्हणून कोकणाने नाक मुरडण्याचे कारण नाही. जगभर खपणाऱ्या पिवळ्या कातडीच्या कोंबड्यांना तो वर्ण देणारे जनुक मुख्यतः राखी रानकोंबड्याकडून आले, असे 2008 साली सिद्ध झाले, आणि तो रानकोंबडा जिल्ह्याच्या पूर्व सीमेवरील सह्याद्रीच्या रानांत आजही बांग देतो.

बंगळूरची गिरिराज आणि हैदराबादची वनराज या जाती परसासाठी म्हणूनच निर्माण झाल्या. रंग गावठी, अंडी गावठीहून अधिक. पण त्या सहसा खुडूक होत नाहीत. म्हणजे पिल्ले दरवेळी विकत आणावी लागतात, आणि ज्या घरात उबवणीयंत्र नाही तेथे खुडूक कोंबडी हेच यंत्र असते. माझ्या मते 24 अक्षरांची ती खूण सरसकट पसरविणे परसदाराच्या भांडवलावर जप्ती आणणे होईल. दापोलीच्या कृषी विद्यापीठासारख्या, 1972 पासून याच मातीत काम करणाऱ्या संस्थेने गावठी कळपांतच वाढीच्या खुणा शोधाव्यात, दर वाडीत थोड्या कोंबड्या खुडूक होणाऱ्या राखाव्यात, आणि निवड कोंबड्यांमधून, म्हणजे नरांमधून, करावी. कारण एक नर साऱ्या वाडीची पिल्ले घडवितो.

अडचण येथेच आहे. देवाच्या राखणीला आणि पाहुण्याच्या ताटाला सर्वांत भरदार कोंबडा प्रथम जातो, म्हणजे झपाट्याने वाढणारा नर वंश सोडण्यापूर्वीच कळपातून वजा होतो. तपासून निवडलेल्या कोंबड्याला निदान एक हंगाम तरी या मानातून सूट द्यावी लागेल, आणि ती मागायची तर प्रयोगशाळेत नव्हे, गावकीच्या बैठकीत.