यंत्राचे नाक

चैत्र-वैशाखाच्या दिवसांत व्याख्यान ऐकावयास येणाऱ्या मंडळींना धुळीचे वर्णन करून सांगण्याची गरज नाही. दुपारी वावटळ उठते, खिडक्या लावून घेतल्या तरी संध्याकाळी टेबलावर बोट फिरवले की रेघ उमटते, आणि मंडपातील खुर्ची रुमालाने झटकल्याशिवाय कोणी तिच्यावर बसत नाही. परंतु या व्यासपीठावर वेदान्तापासून अर्थकारणापर्यंतचे थोर विषय मांडले जात असता, त्या पंगतीत इंजिनाच्या एअर फिल्टरने पाट मांडून बसावे, हे काही श्रोत्यांस चमत्कारिक वाटेल. त्यांना आमची एवढीच विनंती की, विषय लहान असला तरी आपल्यापैकी बहुतेकांच्या दारात तो उभा आहे. आणि गावाकडे ज्यांचा भाऊ किंवा चुलता शेती करतो त्यांच्या दारात तर तो कर्जाच्या हप्त्यासह उभा आहे.

आरंभी थोडा हिशेब करू. इंजिन पेट्रोलवर किंवा डिझेलवर चालते असे आपण म्हणतो. वस्तुतः ते मुख्यतः हवेवर चालते. एक किलो पेट्रोल नीट जळावयास पावणेपंधरा किलोच्या आसपास हवा लागते. एक लिटर पेट्रोलचे वजन सुमारे 740 ग्रॅम. म्हणजे त्या लिटरमागे जवळजवळ 11 किलो, मापाने 9 हजार लिटर हवा इंजिन ओढून घेते. स्वस्थ बसलेला माणूस दिवसभरात साधारण 10 हजार लिटर हवा श्वासाने घेतो. पंपावर एक लिटर पेट्रोल भरून आपण स्कूटर चालू करतो, तेव्हा एका माणसाच्या दिवसभराच्या श्वासाइतकी हवा तिला पुरवण्याचा जणू करारच करतो.

डिझेल इंजिनाची तऱ्हा याहून भारी. अडीच लिटर क्षमतेचे ट्रॅक्टरचे इंजिन मिनिटाला 2000 फेरे घेत असेल, तर दर दोन फेऱ्यांस ते एकदा पूर्ण श्वास घेते. म्हणजे मिनिटाला हजार श्वास, प्रत्येकी अडीच लिटरचे. थोडी तूट धरली तरी मिनिटाला 2 हजार लिटरांहून अधिक हवा आत जाते. आठ तास नांगरट केली की हा आकडा 10 लाख लिटरांवर, म्हणजे हजार घनमीटरांवर पोहोचतो. एका माणसाला शंभर दिवस पुरेल एवढी हवा हे यंत्र एका दिवसात पिऊन टाकते!

आता या हवेत काय असते ते पाहू. समोरचे काही दिसू नये इतकी दाट धूळ उडत असेल, तर एका घनमीटरात सुमारे एक ग्रॅम धूळ असते असे तज्ज्ञ धरतात. ट्रॅक्टर दिवसभर अशा लोटात राहिला, तर हजार घनमीटरांबरोबर एक किलो धूळ त्याच्या तोंडाशी येईल. सर्वच दिवस असे नसतात हे खरे. पण कोरड्या रानात रोटाव्हेटर फिरवताना किंवा मळणीच्या वेळी जो जवळ उभा राहिला आहे, त्याला हा आकडा फुगवलेला वाटणार नाही. फिल्टरने त्यातली शंभरात नव्याण्णव भाग धूळ अडवली तरी दहा ग्रॅम आत गेलीच. हजारात नऊशे नव्याण्णव भाग अडवली तर एकच ग्रॅम जाईल. परीक्षेत नव्याण्णव टक्के गुण मिळवणाऱ्याचा आपण सत्कार करतो. फिल्टरच्या बाबतीत मात्र तो जेमतेम पास झाला असेच म्हणावे लागेल.

ही धूळ आत जाऊन करते काय? सिलिंडर आणि पिस्टनच्या रिंगा यांच्यामध्ये तेलाचा एक पापुद्रा असतो. त्याची जाडी काही मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागांइतकी. आपला केसदेखील 70 मायक्रॉनच्या आसपास जाड असतो, यावरून हा पापुद्रा किती नाजूक ते ध्यानात येईल. या पापुद्र्याहून किंचित मोठा, पाचपासून वीस मायक्रॉनचा कण सर्वांत घातक. मोठा खडा फिल्टरमध्ये अडकतो, अगदी बारीक कण तेलाबरोबर वाहून जातो. हा मधला कण मात्र दोन्हीकडच्या धातूंत सापडतो आणि कानशीसारखा घासू लागतो. वाळूतील क्वार्ट्झ खनिजाची कठीणता मोहसच्या मापाने 7 आहे. आपल्या दख्खनच्या काळ्या खडकातील खनिजेही 6 च्या आसपास आहेत. सिलिंडरचे बीड याहून मऊ. मऊ आणि कठीण यांच्या घर्षणात कोण झिजणार, हे जात्यावर दळणाऱ्या आमच्या आजीलाही ठाऊक होते. 1941-42 साली उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात लढणाऱ्या दोन्ही बाजूंच्या सैन्यांना हाच धडा मिळाला. तेथील बारीक धुळीने रणगाड्यांची इंजिने युरोपातल्यापेक्षा फार लवकर निकामी होत.

धूळ अडवण्याची युक्ती माणसाने निसर्गाकडून शिकून घेतली की स्वतः शोधून काढली हे आम्ही सांगत नाही. परंतु दोहोंतील साम्य पाहण्यासारखे आहे. आपल्या नाकात हवा सरळ जात नाही. आतील वळणांवर तिला दिशा बदलावी लागते. हवा हलकी, ती चटकन वळते. धुळीचा कण जड, तो आपल्या वेगाने सरळ जाऊन ओल्या चिकट अस्तरावर आदळतो आणि तेथेच राहतो. जुन्या ट्रॅक्टरांवरील 'ऑईल बाथ' एअर क्लीनरचे काम नेमके असेच चालते. हवा मधल्या नळीतून खाली येते, तळाच्या वाटीतील तेलावर आपटते आणि उलटी फिरून वर जाते. जड धूळ तेलात बुडते. वर जाणारी हवा तेलाने भिजलेल्या तारेच्या जाळीतून गाळून निघते. नाकातले केस, नाकातला ओलावा आणि नाकातले वळण अशी तिन्ही साधने या डब्यात आहेत.

या डब्याची निगा सोपी आहे, पण ती रोज घ्यावी लागते. वाटी काढून पाहावी. तळाशी बोटाच्या पेराइतका गाळ बसला असेल किंवा तेल घट्ट झाले असेल तर ते ओतून टाकावे, वाटी डिझेलने धुऊन पुसावी आणि खुणेच्या रेघेपर्यंतच नवे तेल भरावे. धुळीच्या हंगामात हे काम दररोजही करावे लागते. येथे दोन चुका नेहमी होतात. रेघेच्या खाली तेल असले की धूळ निसटते, ही पहिली. दुसरी अधिक भयंकर. थोडे जास्त तेल घातले तर अधिक चांगले, अशा समजुतीने वाटी काठोकाठ भरली जाते. मग इंजिन ते तेल हवेबरोबर ओढून घेते. डिझेल इंजिनाला तेलही इंधनच आहे. ते आपोआप वेग घेत सुटते आणि डिझेल बंद केले तरी थांबत नाही. अशा वेळी हवेची वाट बंद करणे हाच उपाय उरतो. शिवाय या पद्धतीची एक मर्यादा ध्यानात ठेवावी. तिचे काम वेगावर अवलंबून आहे. इंजिन मंद चालते तेव्हा हवेचा झोत मंदावतो आणि धूळ नीट झटकली जात नाही.

म्हणूनच आज बहुतेक वाहनांत घड्या घातलेल्या कागदाचा कोरडा फिल्टर आला आहे. घड्या घालण्याचे कारण असे की, लहान डब्यात मोठे क्षेत्रफळ बसावे. हा कागद चांगला असला तर हजारातला एखादा-दुसरा भागच आत जाऊ देतो. येथे मात्र आमच्या घरची एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण तीत चूक आमचीच होती.

आमच्या शेतावर कर्ज काढून ट्रॅक्टर घेतला, तेव्हा आम्ही पुतण्याला बजावले होते की, फिल्टर स्वच्छ राहिला पाहिजे. मुलगा आज्ञाधारक. तो रोज संध्याकाळी फिल्टर काढी, दगडावर आपटी, आणि नाक्यावरच्या दुकानात नेऊन त्यावर पूर्ण दाबाची हवा मारून आणी. असा पांढराशुभ्र फिल्टर तालुक्यात दुसरा नव्हता. तिसऱ्या हंगामात इंजिन ऑईल पिऊ लागले, निळा धूर येऊ लागला, ओढ कमी झाली. मेस्त्रींनी इंजिन खोलले तर रिंगा झिजून कागदासारख्या झालेल्या आणि सिलिंडरला उभे ओरखडे. त्या वृद्ध मेस्त्रींनी आम्हाला अंधाऱ्या खोलीत नेले, फिल्टरच्या पोटात पेटता दिवा सोडला आणि म्हणाले, "साहेब, बघा." कागदाच्या घड्यांतून चांदण्या चमकत होत्या. हवेच्या दाबाने आणि आपटण्याने कागदाला बारीक भोके पडली होती. बँकेचे हप्ते अजून दोन वर्षांचे उरले होते, आणि त्यात इंजिन नव्याने बांधण्याचा खर्च आला. पुतण्याला बोलावयास आमच्याकडे तोंड नव्हते. त्याने आमचाच शब्द पाळला होता.

या प्रकारातून जे शिकलो ते असे. कागदी फिल्टर थोडा मळलेला असतो तेव्हा उत्तम काम करतो. कागदावर बसलेला धुळीचा पातळ थर स्वतःच गाळणीचे काम करू लागतो आणि नुसत्या कागदातून निसटले असते असे कण अडवतो. चहाच्या गाळण्यात चोथा साठला की चहा अधिक नितळ पण सावकाश पडतो, तसेच हे. तेव्हा फिल्टर केव्हा काढावा हे डोळ्यांनी ठरवू नये. मोठ्या इंजिनांवर त्यासाठी दर्शक असतो, तो लाल झाला की काढावा, नाही तर वाहनाच्या पुस्तिकेतील तासांवर किंवा किलोमीटरवर भरवसा ठेवावा. पुस्तिकेने परवानगी दिली असेल तरच हवा मारावी, आणि ती आतून बाहेर, कमी दाबाने व नळी दूर धरून. मग दिवा लावून भोके पाहावीत. आपटू नये, रॉकेलने किंवा पेट्रोलने धुऊ नये. बऱ्याच ट्रॅक्टरांत मोठ्या फिल्टरच्या आत एक धाकटा फिल्टर असतो. तो संकटकाळचा पहारेकरी. त्याला कधीही साफ करू नये, ठरल्या वेळी बदलावाच. आणि फिल्टर कितीही चांगला असला तरी त्याच्यापुढची रबरी नळी चिरली असेल किंवा तिची क्लिप सैल असेल, तर सारे व्यर्थ. पुढल्या दाराला कुलूप लावून परसदार सताड उघडे ठेवण्यासारखे ते आहे. फिल्टर उघडला की डब्याचा आतला भाग ओल्या फडक्याने पुसावा, रबरी गोठ नीट बसला की नाही पाहावे आणि प्रत्येक क्लिप हाताने चाचपावी.

शहरातील श्रोत्यांसाठी दोन शब्द. काही दुचाकींत स्पंजाचा फिल्टर असतो. तो साबणाच्या पाण्याने किंवा रॉकेलने धुऊन, न पिळता दाबून, वाळवून, थोडे इंजिन ऑईल लावून बसवावा. काहींत तेल पाजलेला कागदी फिल्टर असतो. त्यावर हवा मारली की तो वाया गेलाच, तो फक्त बदलावयाचा. मोटारीचा फिल्टर तुंबला की मायलेज घटते असे सर्वत्र ऐकू येते. जुन्या कार्बुरेटरच्या गाड्यांत ते खरे होते. हवा कमी पडली की मिश्रण पेट्रोलने जड होई. परंतु अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने 2009 साली आधुनिक, इंधन मोजून सोडणाऱ्या पेट्रोल गाड्या तपासल्या, तेव्हा तुंबलेल्या फिल्टरने मायलेजमध्ये लक्षणीय फरक पडला नाही. घटला तो पिकअप. अशा गाडीत आत आलेली हवा मोजून तेवढेच इंधन दिले जाते, हे त्याचे कारण. तेव्हा फिल्टर बदलावा तो पेट्रोल वाचवण्यासाठी म्हणून नव्हे, इंजिन वाचवण्यासाठी.

शेवटी एक गोष्ट, जी सांगितल्यावाचून हा विषय पुरा होणार नाही. गॅरेजमध्ये फिल्टरवर हवा मारण्याचे काम बहुधा सर्वांत लहान पोऱ्याकडे असते. तो नळी धरतो, धुळीचा लोट उठतो, आणि इंजिनाच्या तोंडून वाचवलेली ती धूळ त्याच्या नाकातोंडात जाते. आपले नाक मोठे कण अडवते. पण पाच मायक्रॉनहून लहान कण फुप्फुसाच्या तळापर्यंत पोहोचतात. दगडाच्या खाणीत आणि खडी फोडण्याच्या यंत्रावर वर्षानुवर्षे राबणाऱ्यांना याच धुळीतील क्वार्ट्झने सिलिकोसिस जडतो, आणि झालेली हानी उलटवणारे औषध आजही नाही. गॅरेजमधील धूळ तितकी नसेल. पण तीही रोजचीच. इंजिनाच्या रिंगा झिजल्या तर नव्या मिळतात, सिलिंडर बोअर करून घेता येतो. त्या मुलाच्या फुप्फुसाला नवी रिंग बसवता येत नाही.

पुढल्या खेपेस गाडी कामाला टाकाल तेव्हा फिल्टरची चौकशी अवश्य करा. पण हवा मारणाऱ्याच्या तोंडावर मास्क आहे की नाही तेही पाहा, आणि नसेल तर मालकाला विचारा. आमच्या पुतण्यासाठी आम्ही आता तो ट्रॅक्टरच्या सीटखालीच ठेवतो. इंजिनाच्या नाकाची काळजी घेताना माणसाच्या नाकाचा विसर पडू नये, एवढेच या लहानशा विषयाचे मोठे मागणे आहे.