टोपपदर आणि स्टीलचा डबा

म्हैसूरहून हुणसूरच्या रस्त्याला लागले की येलवाल हे गाव लागते. इतिहासाच्या वाचकांना ते ग्रामदान परिषदेमुळे ठाऊक असेल. १९५७ च्या सप्टेंबरात, २१ व २२ तारखांस, विनोबाजी, राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद, पंडित नेहरू आणि केरळचे साम्यवादी मुख्यमंत्री नंबुद्रिपाद अशी परस्परांहून भिन्न मतांची माणसे तेथे एकत्र बसली होती. मला मात्र येलवाल म्हटले की जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या एका बाईची कानडी आरोळी आठवते. वाचकहो, ही आठवण फारशी अभिमानाची नाही, हे आधीच सांगून ठेवते.

वडिलांच्या कारखान्यातील नोकरीमुळे आमचे बिऱ्हाड तेथे गेले होते. आजी आमच्याबरोबर आली ती मंगळवेढ्याहून. तिकडे घरोघर थोडी कानडी समजते. परंतु आजीची ती खडबडीत उत्तरेकडची कानडी ऐकून येलवालच्या दुकानदारांना हसू आवरत नसे. आजीला त्याचे काही वाटत नसे. तिच्या अंगावर बारमाही इरकली लुगडे आणि खणाची चोळी. आईला हौस होती ती म्हैसुरी रेशमाची. नाल्वडी कृष्णराज वडेयर महाराजांनी १९१२ साली म्हैसुरात रेशीम विणण्याचा सरकारी कारखाना काढला, आणि तेथील अंगभर एकरंगी, जरीच्या काठांच्या साड्यांनी दक्षिणेतील बायकांना जी भुरळ घातली ती अजून ओसरलेली नाही. वडिलांना बोनस मिळाला त्या वर्षी आईची साडी आली. आजीने ती दोन बोटांत धरून पाहिली आणि म्हणाली, “छान आहे गं, पण पाण्यासारखी घसरते. कामाला कशी नेसायची?”

आणि मला हवी होती जीनची विजार! २००४ साल, माझे वय पंधरा. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांचे नाव मिरवणारा म्हैसूरचा सयाजीराव रस्ता हे तेव्हाचे आमचे नंदनवन. दसऱ्याची हत्तींची स्वारी त्याच रस्त्याने जाते. पण आम्हा मुलींची स्वारी तेथे दर महिन्यास निघे. देवराज मार्केटातील फुलांचा वास मागे टाकला की पदपथावर ढीग मांडलेले असत : छातीवर मोठमोठी इंग्रजी अक्षरे असलेले टी-शर्ट, अनेक खिशांच्या विजारी, फिकट निळी जाकिटे. अक्षरांचा अर्थ विक्रेत्याला ठाऊक नसे आणि आम्हालाही नसे. भाव करताना मैत्रीण कानडीत बोले, मी मागे उभी राहून कापड चाचपत असे. ते चाचपणे आजीकडूनच आले होते, हे तेव्हा ध्यानात आले नाही.

ती भांडीवाली आली त्या दुपारी आई घरी नव्हती. मी आजीच्या ट्रंकेतून तिचे विरलेले लुगडे काढले आणि म्हणाले, “आजी, हे देऊन टाकू. या चिंध्या कशाला ठेवतेस?” आजीने माझ्याकडे पाहिले, काही बोलली नाही. मग कात्री आणून तिने लुगडे मांडीवर पसरले आणि त्याचा पदर अंगापासून वेगळा केला. भांडीवाली चिडली. पदराशिवाय मोठा डबा मिळणार नाही म्हणाली. “लहान दे,” आजी म्हणाली.

आजीने कात्री नेमकी कोठे चालविली हे मला पुष्कळ वर्षांनी समजले. इरकली लुगड्याचे अंग आणि पदर यांचे ताणे निराळे असतात. अंगाचा ताणा बहुधा सुती, पदराचा तांबड्या रेशमाचा. आणि मागावर चढविण्यापूर्वी दोहोंचे धागे फासे घालून एकमेकांत गुंतवितात. ह्या पद्धतीला टोपे-तेणी म्हणतात. प्रत्येक लुगड्याला हा सांधा नव्याने करावा लागत असल्याने ताणा एका लुगड्यापुरताच लावतात. तांबड्यावर पांढऱ्याने उठणाऱ्या पदराच्या आकृती कोटाच्या तटाच्या, फणीच्या, जोंधळ्याच्या कणसाच्या. मंगळवेढ्याच्या बाईला जोंधळा कोणी दाखवावा लागतो काय? आजीने त्या सांध्यावर कात्री धरली होती, पदराचा एक धागाही न दुखविता.

इळकल आणि चोळीच्या खणांचे गुळेदगुड ही दोन्ही गावे जुन्या विजापूर जिल्ह्यातील. १ नोव्हेंबर १९५६ रोजी तो जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. नकाशा बदलला, परंतु सोलापूर-सांगलीकडच्या बायकांनी लुगडे बदलले नाही. ते बदलले पुढे, पाचवारी आली तेव्हा. आणि हातमाग थंडावले ते यंत्रमागाच्या स्वस्ताईमुळे. हल्ली खणाला पुन्हा दिवस आले आहेत खरे. खणाच्या अख्ख्या साड्या, परकर, पिशव्या, पादत्राणेसुद्धा निघतात! त्यांतील पुष्कळसे कापड यंत्रमागाचे असते. तक्रार करीत नाही. माझ्याकडेही तशी एक पिशवी आहे. इतकेच की हातमागाच्या खणाचा काठ हाताला जसा लागतो तसा हिचा लागत नाही.

आजी २०११ मध्ये गेली. तो डबा आमच्या स्वयंपाकघरात आहे. त्यात मोहरी असते, आणि झाकण पहिल्या दिवसापासून घट्ट बसत नाही. माझ्या पदपथावरच्या जाकिटाचा रंग तीन धुण्यांत उतरला होता. तरीही ते टाकवत नव्हते, कारण ते घालून मी पहिल्यांदा एकटी बसने म्हैसूरला गेले होते. कपड्यांचे मोल ठरविताना आपण कापड पाहतो की दिवस, हे मला अजून ठरविता आलेले नाही.

गेल्या महिन्यात माझ्या भाचीने ट्रंक उघडली. ती सोळा वर्षांची. तिला आजीचा पदर जाकिटाच्या पाठीवर हवा आहे. तिच्या मैत्रिणींत म्हणे जुन्या कापडाचीच चलती आहे. मी प्रथम साफ नाही म्हटले. मग रात्री उठून पदर उलगडून पाहिला. दोन ठिकाणी घडीवर रेशीम चिरू लागले आहे. आणखी दहा वर्षे ट्रंकेत राहिला तर घडीच्या रेघेवर त्याचे तुकडे होतील.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी शिंप्याकडे गेलो. त्याने पदर उजेडात धरला, मापे घेतली आणि सांगितले की खाली अस्तर लावून पाठ होईल, बाह्या होणार नाहीत. कडेचे तुटके फासे कापून टाकू का, असे त्याने विचारले. भाची म्हणाली, “नको, ते तसेच दिसू द्या.” बाह्यांसाठी कापड पाहावयास येत्या रविवारी जावयाचे आहे.