राजपत्रातली ओळ, मोंढ्यातला भाव

कपाशीच्या बियाण्याचं पाकीट हातात आलं की जालन्याचा शेतकरी आधी वाणाचं नाव बघतो, मग किंमत. २०२५ च्या खरिपात बीजी-दोन, म्हणजे दुसऱ्या पिढीच्या बीटी कपाशीच्या पाकिटाची कमाल किंमत होती ९०१ रुपये. हा आकडा कंपनी ठरवत नाही, दुकानदार ठरवत नाही, आणि पुण्याचं कृषी आयुक्तालयही ठरवत नाही. तो दिल्लीत केंद्रीय कृषी मंत्रालयात ठरतो आणि पेरणीच्या आधी भारताच्या राजपत्रात अधिसूचना म्हणून निघतो. कागद दोन-चार पानांचा. पण त्यावरून पाकिटं छापली जातात, दुकानातले भावफलक बदलतात आणि एखाद्याचा परवानाही जाऊ शकतो.

जालना ही बियाण्यांची राजधानी. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये इथे महिको उभी केली. २६ मार्च २००२ रोजी देशात पहिल्यांदा बीटी कपाशीला मंजुरी मिळाली, ती महिकोच्याच तीन वाणांना. बेजो शीतल, कलश या कंपन्याही इथल्याच. तेव्हा राजपत्र नावाच्या या सरकारी यंत्राची ओळख करून घ्यायची तर जालन्याच्या मोंढ्याइतकी सोयीची जागा दुसरी नाही.

आधी भावाचं गणित. पूर्वी कपाशीच्या बियाण्याचे भाव राज्यं आपापले ठरवत. महाराष्ट्राने त्यासाठी २००९ मध्ये वेगळा कायदाही केला होता. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्राने कापूस बियाणे दर नियंत्रण आदेश काढला आणि भाव ठरवण्याचं काम स्वतःकडे घेतलं. अधिकार आला जीवनावश्यक वस्तू कायदा, १९५५ मधून. मार्च २०१६ च्या पहिल्या अधिसूचनेत बीजी-दोनचा भाव ८०० रुपये होता. २०१८ मध्ये तो ७४० वर आला, २०१९ मध्ये ७३० वर. तिथून पुन्हा चढण लागली: २०२१ ला ७६७, २०२२ ला ८१०, २०२३ ला ८५३, २०२४ ला ८६४ आणि मग ९०१. बीजी-एक मात्र ६३५ वरच बसून राहिलं. तसंही ते आता मागतो कोण?

आता कागद जवळून पाहू. सगळ्यात वर सिंहमुद्रा, तिच्याखाली ‘भारत का राजपत्र’ आणि ‘असाधारण’. हा शब्द वाचून दचकायचं कारण नाही. नेहमीच्या साप्ताहिक अंकाची वाट न पाहता तातडीने काढलेला अंक, एवढाच त्याचा अर्थ. त्याखाली भाग दोन, खंड तीन, उपखंड दोन असा पत्ता असतो. केंद्रीय मंत्रालयांचे वैधानिक आदेश याच उपखंडात येतात आणि त्यांच्या क्रमांकाआधी ‘का.आ.’ ही अक्षरं असतात. नियम निघाले तर ते शेजारच्या उपखंड एकमध्ये, ‘सा.का.नि.’ या अक्षरांनी. तारीख दोनदा दिलेली असते, एकदा इंग्रजी महिन्याची आणि एकदा शक संवताची. मग मजकूर सुरू होतो: आधी हिंदी, मागून इंग्रजी. १९६३ च्या राजभाषा कायद्याने केंद्राच्या अधिसूचनांना या दोन भाषा सक्तीच्या केल्या आहेत. मराठीची सक्ती त्यात नाही.

पहिलं वाक्य नेहमी लांबलचक असतं. अमुक कायद्याच्या अमुक कलमाने दिलेल्या अधिकारांचा वापर करून केंद्र सरकार पुढीलप्रमाणे आदेश देत आहे, अशा घाटाचं. बहुतेक लोक इथेच कागद खाली ठेवतात. खरं तर हे वाक्य फार कामाचं आहे, कारण सरकारला हा हुकूम काढायचा हक्क कुठून मिळाला ते त्यातच लिहिलेलं असतं. कोर्टात अधिसूचनेला आव्हान द्यायचं झालं की वकील आधी याच वाक्यावर बोट ठेवतो. माझी सवय मात्र कागद शेवटून वाचायची. तळाशी कधी कधी बारीक अक्षरांत टीप असते: मूळ आदेश अमुक तारखेचा, त्यात अमुक वेळा दुरुस्ती झाली. ती वाचली की हातातला कागद पूर्ण हुकूम आहे की जुन्या हुकमाला लावलेलं ठिगळ, ते कळतं. ‘या शब्दांऐवजी हे शब्द दाखल करावेत’ एवढंच लिहिलेली अधिसूचना मूळ आदेश शेजारी असल्याशिवाय विद्वानालाही कळायची नाही.

तारखेचंही तसंच. अंमल कधीपासून, हे बहुधा एका ओळीत असतं: राजपत्रात प्रसिद्ध झाल्याच्या दिनांकापासून. ऑक्टोबर २०१५ पासून केंद्राचं राजपत्र कागदावर छापणं बंद झालं, ते फक्त संगणकावर निघतं. म्हणजे केंद्राची कपाशीच्या भावाची प्रत्येक अधिसूचना छापखान्याची शाई न बघताच जन्माला आली.

एका ओळीत किती पैसा अडकलेला असतो, ते जालन्याने २०१६ मध्ये पाहिलं. त्या वर्षीच्या ८०० रुपयांचे दोन हिस्से होते, एक बियाण्याचं मूल्य आणि दुसरं गुणधर्माचं. गुणधर्म म्हणजे बोंडअळीला मारणारं जनुक. ते वापरल्याबद्दल बियाणे कंपन्या महिको आणि मोन्सॅन्टो यांच्या भागीदारीतल्या कंपनीला पाकिटामागे शुल्क भरत. दीडशेच्या वर असलेलं हे शुल्क अधिसूचनेने ४९ रुपयांवर आणलं. पुढे २०१८ ला ते ३९ झालं, २०१९ ला २०, आणि २०२० ला शून्य. शुल्क घेणाऱ्या भागीदारीचं एक मूळ जालन्यात, आणि कपाशीचं पाकीट विकत घेणारा शेतकरीही याच जिल्ह्यात. एका ओळीवर एकाच जिल्ह्यात कुणाचे डोळे ओले आणि कुणाचे कोरडे, अशी गंमत फार कमी ठिकाणी बघायला मिळेल.

त्याच २०१६ च्या मे महिन्यात आणखी एक प्रकार झाला. १८ मे रोजी मंत्रालयाने जनुक तंत्रज्ञानाच्या परवान्यांसाठी मार्गदर्शक सूचना राजपत्रात काढल्या. मागेल त्या बियाणे कंपनीला तंत्रज्ञान द्यायचं, पहिली पाच वर्षं शुल्क विक्री किमतीच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवायचं आणि पुढे ते दर वर्षी घटवत न्यायचं. तंत्रज्ञानवाल्या कंपन्यांनी आरडाओरड केली. २४ मे रोजी अधिसूचना मागे घेतली गेली आणि तोच मजकूर ‘मसुदा’ म्हणून लोकांपुढे ठेवला गेला, हरकतींसाठी ९० दिवस देऊन. मजकूर तोच, पण आदल्या दिवशीपर्यंत कायदा असलेला कागद आता नुसती सूचना झाला. त्यानंतर महिकोने तणनाशक सोसणाऱ्या पुढच्या पिढीच्या कपाशीच्या मंजुरीचा अर्जच मागे घेतला.

मसुदा आणि अंतिम अधिसूचना यांतला हा फरक बाकी महाराष्ट्राला समजला तो जालना जिल्ह्यामुळेच, पण कपाशीवरून नाही. अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीतून उठलेलं मराठा आरक्षणाचं आंदोलन जानेवारी २०२४ मध्ये वाशीपर्यंत गेलं, तेव्हा राज्य सरकारने हातात ठेवला तो जातप्रमाणपत्राच्या २०१२ च्या नियमांत ‘सगेसोयरे’ या शब्दाची व्याख्या घालण्याचा मसुदा. तारीख २६ जानेवारी. गुलाल उधळला गेला, पेढे वाटले गेले. पण त्याच कागदात लिहिलेलं होतं की १६ फेब्रुवारीपर्यंत हरकती आणि सूचना पाठवाव्यात. मसुद्याने कुणालाही कसलाही हक्क मिळत नाही. तो फक्त सांगतो की सरकारच्या मनात असं आहे, तुमचं काय म्हणणं आहे ते कळवा. २ सप्टेंबर २०२५ ला निजामकाळच्या हैदराबाद गॅझेटच्या नोंदींविषयी जो कागद निघाला, तो आणखी तिसऱ्या जातीचा. तो शासन निर्णय. शासन निर्णय म्हणजे सरकारने आपल्याच अधिकाऱ्यांना सांगितलेली कामाची रीत. नियम बदलणारी अधिसूचना ती नव्हे. आंदोलनाच्या बाजूने असा की विरोधात, हातातला कागद कुठल्या जातीचा आहे हे माहीत असायला हवं, नाहीतर गुलाल चुकीच्या दिवशी उधळला जातो.

न वाचताच राहिलं तर? कायदा म्हणतो, राजपत्रात आलं म्हणजे तुम्हाला कळलं. या तत्त्वाची सगळ्यात कडक परीक्षा मुंबईतच झाली. मेयर हान्स जॉर्ज नावाचा जर्मन माणूस २७ नोव्हेंबर १९६२ रोजी झुरिकहून मनिलाला निघाला, अंगातल्या जाकिटात ३४ किलो सोनं दडवून. दुसऱ्या दिवशी विमान सांताक्रूझला थांबलं. त्याला मुंबईत उतरायचंच नव्हतं, तो विमानातच बसून होता. अशा प्रवासातलं सोनंही जाहीर करावं लागेल, असं सांगणारी रिझर्व्ह बँकेची ८ नोव्हेंबरची अधिसूचना राजपत्रात २४ तारखेला आली होती. झुरिकमध्ये विमानात चढणाऱ्या माणसाला तीन दिवसांपूर्वीचं दिल्लीचं राजपत्र माहीत असेल, असं कुणी म्हणेल का? मुंबई उच्च न्यायालयाने त्याला सोडलं. सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये तो निकाल फिरवला, न्यायमूर्ती सुब्बा राव यांचं मत वेगळं पडलं तरी. राजपत्रात प्रसिद्धी झाली की बस झालं, असं बहुमताने ठरलं. शिक्षा मात्र भोगून झाली होती तेवढ्यावरच थांबवली. याची दुसरी बाजूही आहे. जयपूर संस्थानाचा अफूचा एक कायदा कधी प्रसिद्धच झाला नव्हता, म्हणून त्याखाली शिक्षा देता येणार नाही, असं त्याच न्यायालयाने १९५१ मध्ये सांगितलं होतं. प्रसिद्धी ही सरकारची जबाबदारी. समजून घेणं मात्र ज्याचं त्याने बघायचं.

आणि इथेच जालन्याच्या मोंढ्यातल्या कृषी सेवा केंद्राचं काम सुरू होतं. मे महिन्यात दुकानात एक बोलणं हमखास ऐकू येतं.

‘शेठ, पाकिटावर तर नऊशे एक लिवलंय, अन् तुम्ही बाराशे म्हणता?’

‘काका, मालच येईना. घ्यायचं असंल तर घ्या, नाहीतर दुसरं वाण देतो.’

‘मग पावती बाराशेची द्या की.’

पावती बाराशेची मिळत नाही. देताही येत नाही, कारण राजपत्रातला आकडा हा कमाल भाव आहे. त्याहून कमीत विकता येतं, जास्तीत नाही. काकांना कलम माहीत नसेल, पण पावतीचा मुद्दा त्यांनी बरोबर पकडला. १९८३ च्या बियाणे नियंत्रण आदेशाप्रमाणे दुकानदाराने साठा आणि भाव रोज फलकावर लावायचा असतो आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला पावती द्यायची असते. हे दोन नियम पाळले गेले तर काळा बाजार करणं अवघड. म्हणून टंचाई पडली की आधी फलक पुसला जातो, मग ‘लिंकिंग’ सुरू होतं: हे पाकीट हवं तर सोबत ही बाटलीही घ्या. याची तक्रार तालुक्याच्या कृषी अधिकाऱ्याकडे किंवा गुणवत्ता नियंत्रण निरीक्षकाकडे करायची, आणि तिथेही पहिला प्रश्न असतो: पावती आहे का?

दुकानात आणखी एक कागद चिकटवलेला दिसतो. कपाशीचं बियाणं शेतकऱ्याला मेच्या मध्यानंतरच विकायचं, पेरणी १ जूननंतरच करायची. गुलाबी बोंडअळीचं चक्र तोडण्यासाठी राज्याच्या कृषी खात्याने लावलेली ही शिस्त आहे. ती दिल्लीच्या राजपत्रातून आलेली नाही. पण दुकानात दोन्ही कागद एकाच चिकटपट्टीने लावलेले असतात, आणि वाचणाऱ्याला सरकार म्हणजे सगळं एकच.

राजपत्रातला कागद वाचणाऱ्याला कळत नाही, हे दिल्लीला उमगलेलं नाही असं नाही. कायदे आणि नियम करण्याआधी लोकांशी बोलण्याचं धोरण केंद्राने २०१४ मध्ये स्वीकारलं. त्याप्रमाणे मसुदा किमान ३० दिवस लोकांपुढे ठेवायचा आणि सोबत सोप्या भाषेतलं टिपण द्यायचं. धोरण चांगलं आहे, पण ते धोरण आहे. पाळलं नाही तर कुणाचं काही बिघडत नाही. भाषेचा प्रश्न २०२० मध्ये ऐरणीवर आला. पर्यावरण परिणाम मूल्यांकनाच्या नव्या अधिसूचनेचा मसुदा हिंदी-इंग्रजीत निघाला होता. दिल्ली उच्च न्यायालयाने ३० जूनला सांगितलं, राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या सगळ्या २२ भाषांत त्याचं भाषांतर करा. केंद्र त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं. तिथे सरन्यायाधीश होते नागपूरचे शरद बोबडे. त्यांच्या पीठाने केंद्राला सुचवलं, राजभाषा कायद्यातच बदल करायचा विचार करा. कायदा अजून तसाच आहे. अमेरिकेने २०१० मध्ये सरकारी कागद सोप्या भाषेत लिहिण्याचा कायदाच केला. तिथली परिपत्रकं त्यामुळे गोड झाली असतील असं मला वाटत नाही, पण निदान बोट दाखवायला कायदा आहे.

नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या बियाणे विधेयकाचा मसुदा आला, १९६६ च्या बियाणे कायद्याची जागा घेणारा. पाकिटावर क्यूआर कोड, वाणांची नोंदणी, मोठ्या गुन्ह्याला ३० लाखांपर्यंत दंड. मत कळवायची मुदत होती ११ डिसेंबर. म्हणजे कापूस वेचणीचा आणि रब्बीच्या पेरणीचा ऐन हंगाम. बियाणे कंपन्यांकडे यासाठी पगारी माणसं असतात. अंबड-घनसावंगीच्या शेतकऱ्याकडे असतो भ्रमणध्वनीवर फिरत आलेला एक धूसर फोटो.

जमिनीच्या अधिसूचनेत तर दिवस मोजावेच लागतात. धुळे-सोलापूर महामार्ग अंबड तालुक्यातून वडीगोद्री, शहागडवरून जातो. असा रस्ता रुंद करायचा किंवा नवा काढायचा तर १९५६ च्या राष्ट्रीय महामार्ग कायद्याच्या कलम ३अ खाली राजपत्रात अधिसूचना निघते आणि तिचा सारांश दोन स्थानिक वृत्तपत्रांत द्यावा लागतो, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. केंद्राच्या कागदाला मराठीत उतरायला लावणारी ही दुर्मीळ तरतूद. वृत्तपत्राच्या आतल्या पानावर, बारीक ठशात, गट क्रमांकांच्या रांगाच रांगा लागतात. त्यात आपला गट सापडला तर २१ दिवस हातात असतात. हरकत लेखी द्यायची, कारणं लिहून द्यायची, आणि ती सक्षम प्राधिकाऱ्याकडेच द्यायची. हे बहुधा उपविभागीय अधिकारी किंवा भूसंपादनाचे उपजिल्हाधिकारी असतात, नाव-पद त्याच सूचनेत असतं. तलाठ्याकडे दिलेला अर्ज हरकत ठरत नाही, ग्रामसभेचा ठरावही नाही. सुनावणीला स्वतः जाता येतं किंवा वकील देता येतो. पोच घ्यायची, तीवर आवक क्रमांक आणि तारीख पाहून घ्यायची. पुढे वर्षाच्या आत कलम ३ड ची अधिसूचना निघाली नाही तर आधीची आपोआप संपते. निघाली, तर त्या तारखेला जमीन केंद्र सरकारची होते, सातबाऱ्यावर नाव बदलायला कितीही वेळ लागो. मग हरकत जमीन देण्यावर घेता येत नाही. भांडण उरतं ते मोबदल्याचं.